वाटेवर पडलेला मनुष्य

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १०, वचनें २५ ते ३७



यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एक मनुष्य अर्धमेला होऊन पडला होता, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. याजक आला, त्यानें पाहिलें, आणि तो दुसऱ्या बाजूनें निघून गेला. लेवी आला, त्यानेंही तसेंच केलें. ते दोघे कां थांबले नाहींत, हें प्रभूनें सांगितलें नाहीं. परंतु आपण आपल्याच मनास विचारलें तर एक कारण लवकर सुचतें. पडलेल्या मनुष्याकडे पाहतांच त्यांनीं त्याच्याविषयीं कांहीं तरी ठरवून टाकलें असेल. एकदां ठरवून झालें म्हणजे पाय आपोआप पुढें चालूं लागतात.

ती वाट आज आपल्याही दारावरून जाते. नागपुराहून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ बुटीबोरीवरून हिंगणघाटाकडे जातो, आणि वर्ध्याची सडक बुटीबोरीसच फुटते. येथील औद्योगिक वसाहतींतले कारखाने पाळ्यांनीं चालतात. आसपासच्या खेड्यांतील कितीतरी तरुण शेतांतून उठून त्या पाळ्यांवर गेले आहेत, आणि त्यांत आपल्या मंडळ्यांचेही लोक आहेत. समजा कीं, दुसरी पाळी सुटल्यावर असा एक गृहस्थ सडकेच्या कडेस पडला आहे. अंग घामानें भिजलें आहे, हात थरथरत आहेत, बोलणें तुटक व जड झालें आहे, आणि तोंडास दारूचा वास येत आहे. येणारे जाणारे म्हणतात, “झिंगला आहे, पडूं द्या, सकाळीं उतरेल.” त्या येणाऱ्या जाणाऱ्यांत प्रार्थनासभेहून घरीं परतणारे आपणही असूं.

आतां दुसरी गोष्ट समजा. त्या मनुष्यास साखरेचें दुखणें आहे, म्हणजे ज्यास शास्त्रीय भाषेंत मधुमेह म्हणतात तें आहे. तर मग सकाळ होईपर्यंत तो जिवंत राहीलच असें कोणास सांगतां येणार नाहीं. या एका गोष्टीकडे आपलें लक्ष लागावें म्हणूनच आजचा हा उपदेश आहे.

हें दुखणें आतां शहरांतल्या सुखवस्तु लोकांचेंच राहिलेलें नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा जो अहवाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यावरून या देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, आणि आणखी सुमारें १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. ज्या मंडळींत शंभर प्रौढ माणसें उपासनेस बसतात, तिच्यांत दहा-अकरांस हें दुखणें असणें नवल नव्हे. त्यांतील कित्येकांनीं तर रक्त तपासलेलेंच नसतें.

आतां दारू व साखर यांचा शरीरांत काय संबंध येतो, तें पाहूं. मिसर देशांत योसेफानें सुकाळाचें धान्य कोठारांत सांठविलें व दुष्काळांत तें लोकांस दिलें, हें आपणांस माहीत आहे. देवानें आपल्या शरीरांतही एक तसाच कोठारी ठेविला आहे. त्याचें नांव यकृत. आपण जेवतों तेव्हां तें साखर सांठवून ठेवतें. आपण उपाशी असतों किंवा झोंपेंत असतों तेव्हां तें थोडी थोडी साखर रक्तांत सोडतें, आणि सांठा सरत आला तर नवी साखर तयारही करितें. म्हणून रात्रभर पोटांत अन्न नसतांही मेंदूचें काम चालू राहतें. परंतु दारू पोटांत गेली कीं, यकृत तिला विष समजतें व तें विष काढण्याच्या मागें लागतें. नवी साखर करण्याचें काम तेवढ्या वेळापुरतें मागें पडतें. कोठारी आग विझविण्यास धांवला आणि कोठाराचें दार बंद राहिलें, असें होतें.

निरोगी व पोटभर जेवलेल्या मनुष्यास हें बहुधा निभावतें. पण ज्यानें सकाळीं साखर उतरविणारी गोळी घेतली आहे, किंवा इन्सुलिन टोचून घेतलें आहे, आणि जो पाळी संपवून रिकाम्या पोटीं दारूच्या दुकानांत शिरला आहे, त्याचें काय होतें? औषध साखर खालीं ओढीत आहे, आणि वर उचलणारा कोठारी कामावर नाहीं. रक्तांतील साखर १०० मिलिलिटरास ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली म्हणजे डॉक्टर तिला धोक्याची समजतात. इन्सुलिन, आणि ग्लिमेपिराइड व ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांस हें भय विशेष आहे. मेटफॉर्मिन एकटी घेणाऱ्याची साखर सहसा इतकी उतरत नाहीं. पण फार दारू पिणाऱ्याच्या रक्तांत त्या गोळीमुळें आम्ल सांचण्याचा संभव असतो. असें क्वचित् घडतें, परंतु घडलें म्हणजे जिवावर बेततें.

कोणी म्हणेल, “दारूनें साखर वाढते असें आम्हीं ऐकलें होतें; तुम्ही तर उतरते म्हणतां.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दारूंत गोड शीतपेय मिसळलें, बरोबर तळलेलें व खारें खाल्लें, तर साखर प्रथम चढते. तीनशें मिलिलिटरांच्या गोड शीतपेयांत सुमारें तीस ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. शिवाय दारूच्या प्रत्येक ग्रॅम मद्यार्कामागें सुमारें सात कॅलरी अंगीं लागतात, आणि पोटाचा घेर वाढतो. पुढें मध्यरात्रीं किंवा पहाटे तीच साखर एकदम खालीं येते. वर्षानुवर्षें पिणाऱ्याचें स्वादुपिंडही सुजून निकामी होतें, आणि ज्यास मधुमेह नव्हता त्यासही तो त्या वाटेनें जडतो.

हा उशीरच मनुष्यास फसवितो. बुटीबोरीच्या शेजारीं टाकळघाट आहे. नागपूर मिशनाचे मूळपुरुष रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, जे १८४५ सालीं नागपुरास आले, ते ४ सप्टेंबर १८६३ रोजीं याच टाकळघाटाजवळ ओढ्यास चढलेल्या पाण्यांत बुडून मरण पावले. आपल्या भागांतील नाले ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस सांगावयास नको कीं, पाऊस वर कोठें तरी पडतो आणि पाणी मागाहून खालीं येतें. सांजवेळीं घोट्याइतका असलेला ओढा रात्रीं घोड्यासही पेलत नाहीं. दारूचेंही तसेंच आहे. ती प्यालेल्या घटकेस मनुष्य म्हणतो, “मला कांहीं झालें नाहीं.” तिचें पाणी मागाहून येतें, आणि तें चोवीस तासांपर्यंत केव्हांही येऊं शकतें. तेव्हां तो झोंपेंत असतो, व त्याच्या घरचे म्हणतात, “घोरत आहे, निजूं द्या.”

शिवाय ही साखर उतरल्याचीं जीं चिन्हें, तींच बहुतेक नशेचींही चिन्हें आहेत. पाय लटपटणें, जीभ जड होणें, भलतेंच बोलणें, चिडणें, शुद्ध हरपणें, हीं दोहोंकडे सारखींच दिसतात. म्हणून आपण वास घेऊन निकाल देतों, आणि निकाल देऊन पुढें जातों. याजक व लेवी यांनीं याहून वेगळें काय केलें?

तर थांबणाऱ्यानें काय करावें? तो शुद्धीवर असेल व त्यास गिळतां येत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यांत विरघळवून त्यास पाजावें. पंधरा मिनिटें थांबावें. बरें न वाटल्यास पुन्हा तितकेंच द्यावें, आणि सावध झाल्यावर पोळी, भात असें कांहीं तरी खाऊं घालावें. तो खरोखर झिंगलेला असला आणि साखर उतरलेली नसली, तरी तेवढ्या साखरेनें त्याचें फारसें बिघडत नाहीं. पण ती उतरलेली असली व आपण दिली नाहीं, तर त्याचा जीव जाईल. तो बेशुद्ध असेल तर तोंडांत पाणी, दूध, साखर कांहींही घालूं नये, कारण तें श्वासनळींत जाऊन तो गुदमरेल. त्यास कुशीवर वळवावें, १०८ या क्रमांकावर फोन करून सरकारी रुग्णवाहिका बोलवावी, आणि येणाऱ्यांस मधुमेहाविषयीं स्पष्ट सांगावें. योनाथान लढाईच्या दिवशीं उपाशी व थकलेला असतां त्यानें काठीच्या टोंकानें थोडा मध चाखला आणि त्याचे डोळे टवटवीत झाले, असें शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत लिहिलें आहे. त्या दिवशीं जें मधानें केलें, तेंच या दुखणेकऱ्यास तीन चमचे साखर करिते.

आतां तंबाखूकडे वळूं. आपल्या मंडळ्यांत दारूविरुद्ध पुष्कळ बोललें जातें, परंतु खर्ऱ्याची पुडी खिशांत घेऊन उपासनेस बसणाऱ्यास आपण कांहीं म्हणत नाहीं. सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेला हा खर्रा आपल्या नागपूर प्रांतीं चहाइतका सामान्य झाला आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, तरी टपरीवरील खर्रा चालूच राहिला. रात्रपाळीवर झोंप येऊं नये म्हणून तरुण तो गालांत धरितात. घरांत कित्येक भगिनी मिसरी किंवा गुडाखू दांतांस लावितात आणि “हें कांहीं व्यसन नव्हे” असें म्हणतात. २०१६–१७ सालच्या सरकारी पाहणींत असें दिसून आलें कीं, महाराष्ट्रांत तंबाखू ओढणारे शेंकडा चारही नाहींत, परंतु ती खाणारे व घासणारे शेंकडा चोवीस आहेत. म्हणजे आपल्याकडील हा शत्रु धुराशिवाय येतो, आणि म्हणून तो दिसत नाहीं.

तंबाखूंतील निकोटिन रक्तांत शिरलें म्हणजे शरीर इन्सुलिनचें ऐकेनासें होतें व साखर चढते. नाडी जलद चालते व रक्तदाब वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांस मधुमेह होण्याचा संभव न ओढणाऱ्यांहून शेंकडा तीस ते चाळीस अधिक असतो. ज्यास दुखणें अगोदरच आहे, त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या मधुमेह एका बाजूनें अरुंद करितो आणि तंबाखू दुसऱ्या बाजूनें. मधुमेहानें पायांची जाणीव कमी होते, दारूनें ती आणखी कमी होते. मग शेतांतला कांटा किंवा कारखान्यांतल्या बुटानें पडलेला फोड समजतच नाहीं. रक्त पोहोंचत नाहीं म्हणून जखम भरत नाहीं, आणि शेवटीं बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते. तोंडाची गतही तशीच होते. मधुमेहानें हिरड्या आधींच दुबळ्या होतात. सुपारीनें गालाची आंतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासें होतें, आणि सुपारी व तंबाखू या दोन्ही कर्करोगाचीं कारणें आहेत असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ठरविलें आहे. ज्याचें तोंड दोन बोटेंही उघडत नाहीं, त्यानें भाकरी व कोशिंबीर कशी चावावी? आणि तीं चावतां आलीं नाहींत तर पथ्य कसें पाळावें?

येथें कोणी शास्त्राचा आधार पुढें करील. पौलानें तीमथ्यास पोटासाठीं थोडा द्राक्षारस घ्यावयास सांगितलें नव्हतें काय? होय, सांगितलें होतें. परंतु ती एका आजारी तरुणास दिलेली सूचना होती, आणि तिच्यांत त्याच्या पोटाचा व वारंवार येणाऱ्या दुखण्यांचा उल्लेख आहे. जें औषध म्हणून सांगितलें तें दुखणें पाहून घ्यावें. साखरेच्या दुखण्यास दारू औषध नाहीं, हें आज निश्चित कळलें आहे. आणि दारूचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें. चांगल्या शोमरोन्यानेंही द्राक्षारस बरोबर घेतला होता; पण तो त्यानें दुखणेकऱ्याच्या जखमेवर ओतला. प्रभुभोजनाच्या प्याल्याविषयींही कित्येकांच्या मनांत शंका असते. घोटभर न आंबविलेल्या द्राक्षरसानें मधुमेह्याची साखर विशेष चढत नाहीं. त्या भयानें कोणी मेजापासून दूर राहूं नये. मात्र दारू सोडलेल्या मनुष्यापुढें आंबविलेला रस ठेवूं नये, एवढी काळजी पाळकांनीं घ्यावी.

दुसरा कोणी म्हणेल, “सरकारनें सगळीकडे दारूबंदी करावी म्हणजे झालें.” बंदीनें पुष्कळ घरांस आधार मिळतो, हें खरें आहे. पण बुटीबोरीच्या लोकांस सीमा म्हणजे काय हें चांगलें ठाऊक आहे. वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि आपल्या नागपूर जिल्ह्यांत ती नाहीं; त्याच सडकेवर कांहीं मैलांच्या अंतरानें कायदा बदलतो. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं बंदी आली व २०२१ सालीं उठली. गडचिरोलींत ती १९९३ पासून आहे, तरी तेथेंही २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ नांवाचें काम गांवोगांव चालवावें लागलें, कारण नुसत्या कायद्यानें घोट थांबत नाहीं. यकृतास जिल्ह्याची हद्द कळत नाहीं. कायद्यानें दुकान बंद होईल. मनुष्यास उठविण्यास मात्र शेजारीच लागतो.

प्रियजनहो, आतां मी त्या गोष्टीकडे येतों, जी आपणां सर्वांस जड वाटेल. आपला दुखणेकरी बंधु दारू पितो हें आपल्यापासून लपवितो. तो कां लपवितो? कारण त्यानें पाहिलें आहे कीं, जो सांपडतो त्याचें नांव सभेंत घेतलें जातें, त्याच्या मुलीच्या लग्नांत कुजबुज होते, आणि प्रभुभोजनाच्या दिवशीं तो मागल्या बांकावर बसतो. म्हणून तो लवंग चघळून येतो. पुढें तो दवाखान्यांत जातो. डॉक्टर विचारतात, “दारू घेतां काय?” शेजारीं त्याची पत्नी असते, बाहेर मंडळीचे वडील बसलेले असतात. तो म्हणतो, “नाहीं.” त्या एका ‘नाहीं’वर गोळीचें प्रमाण ठरतें. पत्नीही लाजेनें मान खालीं घालते व मुकाट राहते. आणि मग एका रात्रीं तें घडतें, जें वर सांगितलें.

त्या मरणांत दारूचा वांटा आहे, त्या बंधूच्या असत्याचाही आहे. परंतु ज्या मंडळींत खरें बोलण्यास जागा उरली नव्हती, तिचा वांटा मुळींच नाहीं काय? याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत एकमेकांजवळ पाप कबूल करणें, एकमेकांसाठीं प्रार्थना करणें व बरें होणें हीं तिन्ही एकाच ठिकाणीं सांगितलीं आहेत. आपण पहिलें अवघड करून ठेविलें, आणि तिसरें होत नाहीं म्हणून कुरकुर करितों.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, पापास पाप म्हणूं नये. शोमरोन्यानें त्या मनुष्यास “येथेंच पडून राहा” असें म्हटलें नाहीं. त्यानें त्यास उचललें, जनावरावर बसविलें व उतारशाळेंत नेलें. ज्यास मधुमेह आहे त्यानें दारू व तंबाखू दोन्ही सोडावीं, हेंच आमचें सांगणें आहे आणि हेंच डॉक्टरांचें सांगणें आहे. पण सोडण्याच्या वाटेवर कोठेंही मनुष्य मरूं नये, हेंही तितकेंच आमचें सांगणें आहे.

यासाठीं एक सावधगिरी फार जरूर आहे. आपल्याकडे उपदेश ऐकून भर सभेंत हात वर करून शपथ घेण्याची रीत आहे. जो अधूनमधून पितो त्यानें ती आजच घ्यावी, आनंद आहे. पण जो वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पितो, त्यानें डॉक्टरांस न विचारतां एकाएकीं सोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय कांपणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार होतात, आणि त्यांत मृत्युही येऊं शकतो. तो खाणें टाकतो व गोळ्या घेतच राहतो, तर साखरेचा धोका त्यावर आणखी. शौल राजानें लढाईच्या दिवशीं लोकांस उपाशी राहण्याची शपथ घातली आणि सारें सैन्य मूर्च्छित होण्याच्या बेतास आलें. योनाथानानें मध चाखला तो त्याच दिवशीं. शपथ चांगल्या हेतूची असली तरी शहाणपणाची नसली म्हणजे तिनें आपलेच लोक पडतात. म्हणून अशा बंधूस आधीं दवाखान्यांत घेऊन जावें, तेथील औषधानें दारू सुटूं द्यावी, आणि मग मंडळीसमोर आभार मानावे.

आणि ज्याची दारू आज सुटत नाहीं, त्यास काय सांगावें? त्याचा जीव राखण्यापुरत्या चार गोष्टी सांगाव्या, आणि त्यांस कोणी परवानगी समजूं नये. रिकाम्या पोटीं किंवा उपासाच्या दिवशीं कधींही पिऊं नये. डॉक्टरांस प्रमाणासह खरें सांगावें, आणि आपल्या मनानें गोळी किंवा इन्सुलिन बुडवूं नये व वाढवूंही नये. निजण्यापूर्वीं कांहीं खावें, शक्य असल्यास साखर तपासावी, आणि घरच्या एका मनुष्यास सांगून ठेवावें कीं, “मला रात्रीं उठवून पाहा.” खिशांत साखरेची पुडी व मधुमेह असल्याची चिठ्ठी ठेवावी. खर्ऱ्याच्या पुडीस जेथें जागा आहे तेथें या दोहोंस जागा होईल.

तंबाखू सोडणाऱ्यानेंही साखर वरचेवर तपासून घ्यावी. वजन थोडें वाढतें, भूक बदलते, आणि औषधाचें प्रमाण बदलण्याची गरज पडूं शकते. पहिले कांहीं आठवडे कठीण जातात. त्यांत निकोटिनचा च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्यानें उपयोगी पडतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ति सेवेचा १८००-११२-३५६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि मनाची घालमेल झाल्यास सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची साखर व रक्तदाब सरकारी आरोग्यकेंद्रांत फुकट तपासतात.

उपदेशक बंधूंनो, आतां एक शब्द तुम्हांस. तुम्ही घरोघर जातां, चुलीपाशीं बसतां, कोणाच्या घरीं काय शिजतें व काय लपतें हें तुम्हांस कळतें. आपल्या मंडळींत साखरेचें दुखणें कोणकोणास आहे, याची तुम्हांस माहिती असावी. ती वहींत लिहून सभेंत वाचण्याची नव्हे, हृदयांत ठेवण्याची आहे. अशा घरीं गेलां कीं गोळी वेळेवर घेतात काय, पायांस जखम आहे काय, हें विचारावें. दारूविषयीं एकट्यास विचारावें, आणि त्यानें खरें सांगितलें तर तें आपल्याजवळच ठेवून त्याच्याबरोबर दवाखान्यांत जावें. त्याच्या पत्नीस साखरपाण्याची युक्ति शिकवावी. आणि तुमच्या स्वतःच्या खिशांत खर्रा असेल तर तो आधीं टाकावा, नाहीं तर तुमचे शब्द त्याच्या वासांतून ऐकूं जाणार नाहींत.

शोमरोन्यानें दोन नाणीं देऊन काम संपविलें नाहीं. आणखी खर्च झाला तर परत येतांना देईन, असें तो उतारशाळेच्या मालकास सांगून गेला. तो पुन्हा येणार होता. दुखणें जन्मभराचें असतें, आणि सुटलेलें व्यसन दहा वेळां परत दार ठोठावतें. म्हणून या कामांत एकदां थांबून भागत नाहीं, परत येणारे लागतात. ज्या मंडळींत असे परत येणारे असतील, तिच्यांतला मनुष्य डॉक्टरांपुढें ‘होय’ म्हणूं शकेल, आणि ‘होय’ म्हणूं शकला तर तो जगेल व सुटेलही.

आज सायंकाळीं घरीं जातांना बुटीबोरीच्या सडकेवर कोणी पडलेला दिसला, तर वास घेऊन निकाल देऊं नका. जवळ जा, खांद्यास हात लावा, आणि विचारा, “भाऊ, तुम्हांस शुगर आहे काय?”

प्रार्थना करूं या. हे दयाळू पित्या, तूं दिलेलें शरीर आम्हीं हलकें मानिलें, आणि पडलेल्या भावास आम्हीं दुरून न्याय दिला. आम्हांस क्षमा कर. जे बांधले गेले आहेत त्यांस सोडीव, जे लपवितात त्यांस धैर्य दे, आणि जे ऐकतात त्यांस कोमल हृदय दे. दवाखान्यांतील तुझ्या सेवकांच्या हातांस यश दे. आमच्या वाटेवर जो पडला आहे तो आमचा शेजारी आहे, हें आम्हांस वेळेवर कळूं दे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.